पोळ्यांच्या डब्याचा गेनबा

गेनबा पहिल्यांदा आपल्या मर्जीने चालला तो सरळ जाऊन फ्रिजवर आदळला. मग मागे सरला आणि पुन्हा त्याच फ्रिजवर, त्याच जागी आदळला. रुपालीने टाळ्या वाजवल्या. सासरे आतल्या खोलीत झोपलेत अशी तिची समजूत होती, नाहीतर तिने वाजवल्या नसत्या. पण सासरे चौकटीशी उभे होते, आणि एरवी खाकरल्याशिवाय पाऊल न टाकणारे कोंडीराम त्या दिवशी खाकरायचं साफ विसरले होते.

खाकरण्याचं प्रकरण आधी सांगायला हवं. कोंडीराम वर्ध्याकडचे. तिथे एका गावी गुरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं परिचर म्हणून काम केलं. म्हशीचे पाय बांधायचे, बैलाचं तोंड उघडून धरायचं, डॉक्टर आले नाहीत तर निम्मी डॉक्टरकीही करायची. बायको गेल्यावर मुलाने, आनंदने, त्यांना येरवड्याच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एवढ्याशा जागेत सुनेच्या वावरात शिरायचं तर आधी वर्दी द्यायला हवी, म्हणून ते खाकरायचे. तिच्याशी बोलायचं झालं तर मुलामार्फत. "आनंद, भाजी चांगली झाली म्हनून सांग सूनबाईले." सूनबाई तेव्हा तीन फुटांवर वाढत उभी असायची.

आणि सूनबाईही काही कमी नव्हती. रुपाली लोणी काळभोरची, खटल्याच्या घरातली. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ती टेस्टिंगला होती. एखादा भाग तापवायचा, गारठवायचा, धुळीत लोळवायचा, हलवून हलवून हैराण करायचा आणि तरी टिकला तरच पास करायचा, हे तिचं काम. "हा लॉट परत न्या" असं ती भल्याभल्यांना तोंडावर सांगायची. घरी आली की मात्र "बाबा, चहा ठेवलाय" याच्यापुढे तिची गाडी सरकत नसे. तिचे स्वतःचे वडील ती बारावीत असताना गेले होते. 'बाबा' हा शब्द तिच्या तोंडी सोळा वर्षांनी पुन्हा आला होता, आणि तो उच्चारताना तिला दर वेळी बरं वाटायचं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. दोन्ही माणसं सज्जन, आणि सज्जनपणापायी एकमेकांपासून चार हात लांब.

तर गेनबा. रुपालीला लहानपणापासून कुत्र्यांची सवय, पण सोसायटीच्या जिन्यात पाटी होती: 'इमारतीत कुत्री, मांजरे व तत्सम प्राणी पाळू नयेत. आढळल्यास प्राण्यास नव्हे, मालकास बाहेर काढण्यात येईल.' पाटीत पत्र्याच्या कुत्र्याचा उल्लेख नाही, असं म्हणून रुपालीने पोळ्यांचा जुना स्टीलचा डबा खाली काढला. त्याला रबरी चाकं लावली. मोटारी, तारा आणि छोटासा कॉम्प्युटर बुधवार पेठेतल्या दुकानांतून जमवला. पुढे मानेसारख्या दांडीवर, वीतभर उंचीवर, कॅमेरा बसवला. आनंदच्या फाटक्या चामडी बॅगेचे दोन कान केले, कानांना हलवायला दोन चिमुकल्या मोटारी दिल्या. पाठीवर मऊ कापड आणि कापडाखाली अशी पट्टी, की कोणी कुरवाळलं तर त्याला कळावं. रिमोट नाही, दोरी नाही. कुठे जायचं, कोणाकडे जायचं, हे त्याचं त्याने ठरवायचं.

त्याने फ्रिज ठरवला होता.

"जनावर असं येत नाही," चौकटीतून आवाज आला.

रुपाली दचकली. कोंडीराम तिच्याकडे न पाहता डब्याकडे पाहून बोलत होते. "सरळ आंगावर येते थे जनावर मारकं असते. वळखीचं जनावर तिरपं येते. आधी कान येते, मंग मान येते, मंग बाकीचं येते."

दुसरी एखादी सून पदर सावरून 'बरं' म्हणाली असती. पण रुपालीतली टेस्टिंगवाली जागी झाली. "तिरपं म्हणजे किती तिरपं, बाबा?"

असला प्रश्न कोंडीरामांना बत्तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्यांनी थोडा विचार केला, आणि मग मान वाकडी करून, एक खांदा पुढे काढून, ते स्वतःच स्वयंपाकघरातून फ्रिजपर्यंत वासरासारखे तिरपे चालत गेले. रुपालीने फरशीवर खडूने रेघ मारली. पुढच्या संध्याकाळी गेनबा त्या रेघेवरून आला. आधी कान, मग मान, मग बाकीचा डबा.

नाव रुपालीनेच ठेवलं. लोणीत एक गेनबा नाना होते. बोलावल्याशिवाय यायचे आणि चहा घेतल्याशिवाय उठायचे नाहीत. हे ऐकून कोंडीराम तिच्यादेखत पहिल्यांदा हसले, आणि हसल्यावर उगाचच एकदा खाकरले.

पहिल्या पाळीहून ती साडेचारला परतायची. तेव्हापासून कुकर लावेपर्यंत दोघं फरशीवर. सुरुवातीला सगळं बोलणं गेनबामार्फत. "गेनबा, मालकिनीले इचार, आज कंपनीत काही झालं का? तोंड उतरलं हाये." "गेनबा, बाबांना सांग, आज अख्खा लॉट नापास केला." मग केव्हातरी गेनबा मधून गळाला. 'सूनबाई'ची 'रुपाली' झाली, आणि आनंद घरी आला की त्याला दारातच दोघांचा वाद ऐकू यायला लागला, की कान घाबरल्यावर मागे जावेत की खाली.

कॅमेरा वीतभर उंचीवर असल्याने गेनबाला माणसाचे फक्त पाय दिसायचे. रुपालीला ती अडचण वाटत होती. कोंडीराम म्हणाले, "बरोबरच हाये. तोंड मानसं पाह्यतेत. जनावर पाय पाह्यते. लाथ कुठून येते, थे त्याले मालूम असते." झालं. रुपालीने घरातल्या तिघांच्या पायांचे नऊशे फोटो काढले. सकाळच्या उजेडात, दुपारच्या उन्हात, ट्यूबलाइटखाली. ओले पाय, धुळीचे पाय, चटईवरचे, पायजम्यातून डोकावणारे. कोणते कोणाचे ते गेनबाला शिकवलं. शिवाय एक नियम घातला: जो जास्त कुरवाळेल, त्याला गेनबा जास्त शोधेल. अकरा वेळा चाचणी घेतली, अकराही वेळा पास.

आणि नेमकं तेव्हाच, एका रात्री जेवताना, कोंडीराम म्हणाले, "जाईन म्हनतो आता गावाकडं. चार महिने झाले."

आनंद गुणी मुलगा. बापाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्याला लहानपणापासूनचं वळण. त्याने डाव्या हाताने लगेच फोन काढला. "कधीचं काढू, बाबा?" पंधरा दिवसांनंतरच्या सोमवारचं तिकीट मिळालं, तेही खालच्या बर्थचं, आणि आनंदला फारच आनंद झाला. रुपाली ओट्याशी होती. तिला 'का?' असं विचारायचं होतं. पण बापलेकांच्या बोलण्यात सुनेने पडायचं नसतं, हे तिला माहेरी न शिकवताच शिकवलेलं होतं. तव्यावरची पोळी करपली. कोंडीरामांनी एकदा तिच्या पाठीकडे पाहिलं, आणि मग वरण संपवलं.

दुसऱ्या दिवशी तिने आनंदला विचारलं, "तू अडवलं का नाहीस?"

"त्यांना करमत नसेल इथे," आनंद म्हणाला. "अडवलं तर वाटेल, कोंडून ठेवतायत."

तोही चुकीचं बोलत नव्हता. त्या घरात कोणीच चुकीचं वागत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

जायच्या आदल्या आठवड्यात बॅटरी लवकर का उतरते हे बघायला रुपालीने गेनबाची नोंद उघडली. त्याला कधी, किती वेळा हात लागला ते त्यात मिनिटामिनिटाने असायचं. संध्याकाळी दहा-बारा वेळा, ते ठीक. पण अकरा ते चार, म्हणजे ती कारखान्यात आणि आनंद ऑफिसात असताना, एकशे चाळीस वेळा. आदल्या दिवशी एकशे छत्तीस. त्याच्या आदल्या दिवशी दीडशे. रोज, दर दोन-दोन मिनिटांनी, रिकाम्या घरात एक हात त्या डब्याच्या पाठीवरून फिरत होता. रुपाली फरशीवर बसली आणि रडली. एवढा बोलका माणूस, आणि दिवसभर त्याच्याशी बोलायला कोणी नाही. आता तो निघाला होता तो असल्याच एका घरी, आणि तिथे तर गेनबाही नव्हता.

त्यांनी जाऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं. पण ते तोंडाने सांगायचं सोडून तिने काय केलं? एक बेत केला. सरळ दोन शब्द बोलायचं टाळण्यासाठी माणसं केवढाले उद्योग करतात, ते बघत राहावं.

हौशी यंत्रकार मंडळाचं प्रदर्शन कसबा पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात रविवारी होतं, म्हणजे तिकिटाच्या आदल्याच दिवशी. तिथे अनोळखी माणसांच्या रांगेत बाबांना उभं करायचं आणि गेनबाला सोडायचं. इतक्या माणसांतून कोणीतरी आपल्यालाच शोधत आलं, हे बाबांनी डोळ्यांनी पाहावं. मग कदाचित तेच म्हणतील, राहतो म्हणून.

रविवारी आनंदने वडिलांना हौसेने नवे पांढरे बूट घातले, स्वतः खाली बसून नाड्यांना दुहेरी गाठ मारली, आणि बजावलं, "तिथे दारात काढून ठेवू नका हां, बाबा. सगळे बूट घालूनच असतात." दोघांना शाळेपाशी सोडून तो गाडी लावायला जागा शोधत गेला. कसब्यात रविवारी सकाळी. म्हणजे पुढचा तासभर आपल्या गोष्टीत तो नाही.

सभागृहाच्या दारावर पाटी होती: 'प्रयोग आपापल्या जबाबदारीवर करावेत. फ्यूज उडाल्यास उडवणाऱ्यानेच बसवावा. "घरी चालत होतं" ही सबब ऐकून घेतली जाणार नाही.' पाटीखाली मंडळाचे चिटणीस दिगंबरराव हातात घड्याळ घेऊन उभे होते. "आपल्याला सात मिनिटं," ते रुपालीला म्हणाले. "कौतुक त्यातच उरकायचं."

सात माणसं ओळीने उभी राहिली. कोंडीराम चौथे. हात कुठे ठेवावेत ते न कळून त्यांनी ते मागे बांधले होते. रुपालीने गेनबाला खाली ठेवलं.

गेनबा निघाला. पहिल्या माणसापाशी थांबला, पुढे गेला. दुसऱ्यापाशी थांबला, पुढे गेला. कोंडीरामांच्या पांढऱ्या बुटांपाशी आला तेव्हा त्याचा एक कान अर्धवट वर झाला. कोंडीराम किंचित वाकले. मग कान खाली पडला आणि गेनबा पुढे निघून गेला. त्याने सगळी रांग पाहिली, रुपालीला वळसा घातला, आणि सरळ एका टेबलाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"जनावर स्वाभिमानी दिसतंय आपलं," दिगंबरराव म्हणाले. "कोणाच्या दारात रेंगाळत नाही."

लोक हसले. 'घरी चालत होतं' हे शब्द रुपालीच्या ओठांपर्यंत आले होते. तिने पाटीकडे पाहिलं आणि ते गिळले. हसण्याचं तिला काही वाटलं नाही. तिला वाटलं ते कोंडीरामांच्या चेहऱ्याचं. परीक्षेचा निकाल आधीच ठाऊक असलेल्या माणसासारखे ते शांतपणे म्हणाले, "राहू दे, सूनबाई. नाही वळखलं त नाही वळखलं. चार महिन्याची त वळख."

सूनबाई! हा माणूस आता उद्या जाणार, आणि जाताना हे सोबत घेऊन जाणार.

ती गेनबाला काढायला टेबलाखाली शिरली. जागा अडचणीची होती, पालथं पडून हात लांबवावा लागला, आणि तसं पडल्यापडल्या तिला ते सभागृह गेनबाच्या उंचीवरून दिसलं. बूट. सँडल. चपला. पुन्हा बूट. अख्ख्या सभागृहात एकही पाय नव्हता.

नऊशे फोटो! सगळे घरातले. आणि घरात बूट घालतंय कोण? चपला दाराबाहेर काढल्याशिवाय त्या घरात आजवर कोणी पाऊल टाकलेलं नव्हतं. रोज धूळ-पाणी-ऊन लावून माल तपासणाऱ्या बाईला हे सुचलं नव्हतं, आणि सुचणार तरी कसं?

"बाबा," ती टेबलाखालूनच ओरडली, "बूट काढा!"

कोंडीराम गोंधळून खाली वाकले, पण दुहेरी गाठ त्यांच्या बोटांना सुटेना. रुपाली रांगत बाहेर आली, तशीच त्यांच्या पायाशी बसली आणि नाड्या सोडायला लागली.

"अवं, असं काय करून राह्यली? लोक पाह्यतेत," कोंडीराम पाय मागे घेत कुजबुजले.

"पाहू द्या."

बूट निघाले, मोजे निघाले. भेगाळलेल्या टाचा, आणि म्हशीने तुडवल्यामुळे कायमचं काळं पडलेलं डाव्या अंगठ्याचं नख. तीनशे फोटोंतून हे पाय रुपालीला पाठ झाले होते. तिने गेनबाला पुन्हा रांगेच्या टोकाशी नेऊन ठेवलं.

या वेळी तो पहिल्या माणसापाशी थांबलाच नाही. दोन्ही कान ताठ करून त्याने अंग वळवलं आणि तिरपा निघाला. आधी कान आले, मग मान आली, मग बाकीचं आलं. काळ्या नखापाशी येऊन त्याने पुढची कड अलगद टेकवली आणि थांबला. कोंडीरामांनी वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही. त्यांचे डोळे भरले होते. रुपालीचेही.

दिगंबररावांनी शांतपणे आपले बूट काढले, मोजे घडी करून खिशात ठेवले आणि गेनबासमोर जाऊन उभे राहिले. गेनबाने त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. "म्हणजे अनवाणी कोणीही चालत नाही," दिगंबरराव म्हणाले. "ठीक. नोंद घेतली. आपली अकरा मिनिटं झाली आहेत."

नंतर दोघं शाळेच्या पायरीवर बसले. समोरच्या टपरीवरून रुपालीने दोन ग्लास चहा आणला. गेनबा मध्ये होता, त्याची बॅटरी संपली होती.

"खरं सांग," कोंडीराम म्हणाले. "थ्यानं मले वळखलं, का माह्या पायाले?"

खोटं बोलणं सोपं होतं. रुपालीला ते जमलं नाही. "पायांना, बाबा. त्याला तुमचं बाकी काही दिसतच नाही. पण एवढ्या माणसांत तुम्हालाच शोधायचं, हे त्याचं त्याने ठरवलं. तुम्ही त्याला दुपारी एकशे चाळीस वेळा हात लावता म्हणून."

चोरी पकडली गेल्यासारखे कोंडीरामांचे कान लाल झाले. "थे बी लिहून ठेवते का थो?"

"हो."

"चुगलखोर हाये मंग लेकाचा."

रुपाली हसली, आणि हसताहसताच तिचा आवाज फुटला. "बाबा, जाऊ नका," ती म्हणाली. "दार उघडलं की तुम्ही घरात असता. मला ते हवं हाय. गेनबासाठी नाही, आनंदसाठीपण नाही. मला तुम्ही हवे हाय घरात." पुण्यात येऊन बारा वर्षं जपलेली शुद्ध भाषा त्या क्षणी पार लोणीला पोचली होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

कोंडीरामांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "आनंदनं त लगेच तिकीट काढलं. तू बी पाठ करून उभी होती. मले वाटलं, बरंच झालं म्हनत असशीन."

"मी कोण बोलणारी, असं वाटलं मला."

समोरच्या रस्त्यात एक रिक्षा अडकली होती, तिच्यामागे चार स्कूटर अडकल्या होत्या, आणि सगळे एकमेकांना शिकवत होते.

"नोकरीतून निघालो तवा हार घातला लोकायनं, 'या' म्हनलं," कोंडीराम सावकाश म्हणाले. "तुह्या सासूच्या तेरवीनंतर घराले कुलूप लावलं, तवा सारी आळी आली होती. सारे 'या' म्हनले. मी जातो म्हनलं, का लोक वाट करून देतेत. 'जाऊ नका' असं मले आजवर कोनी म्हनलंच नाही, रुपाली. म्हनलं असतं त कुठं जानार होतो मी?"

रुपालीने ओढणीने तोंड झाकलं, आणि भर रस्त्यावर शाळेच्या पायरीवर बसून ती लहान पोरीसारखी रडली. कोंडीरामांचा हात उचलला गेला, क्षणभर हवेतच थबकला, आणि मग तिच्या डोक्यावर टेकला.

"पुरे आता," ते म्हणाले. "तिकिटाचं आनंदले मी सांगतो."